पाण्यात दोष उत्पन्न झाला आहे

आमच्या घरात चांदी कधी पांढरी राहिली नाही आणि पितळ कधी पिवळं राहिलं नाही. आईची जोडवी, देव्हाऱ्यातली घंटा, पाणी तापवायचा बंब, सगळ्यांवर एक काळपट थर असायचा. दिवाळीला आई चिंच आणि राख घेऊन दिवसभर भांडी घासत बसायची आणि भाऊबीजेपर्यंत ती पुन्हा होती तशी व्हायची. घरापासून पन्नास पावलांवर गंधकाचा झरा होता आणि त्याची वाफ वाऱ्याबरोबर घरात शिरायची. ती कपड्यांत, अंथरुणांत, पिठाच्या डब्यात बसलेली असायची. शाळेत माझ्या बाकावर कोणी बसायला राजी नसे. मी वर्गात शिरलो की मागून आवाज यायचा, "आलं रे नासकं अंडं." मला स्वतःला तो वास कधीच आला नाही. सुट्टीत मामाकडे राहायला गेलो की चार दिवसांनी वाटायचं, इथल्या हवेत काहीतरी कमी आहे.

जागा पारनेरच्या पठाराच्या कडेला, एका ओढ्याच्या काठी. नगरच्या एका डॉक्टरांनी पूर्वी कधीतरी तिथे आरोग्यधाम बांधलं होतं. पत्र्याच्या छपराच्या दहा खोल्या, मधे अंगण, आणि ओढ्याच्या बाजूला दोन न्हाणीघरं, एक बायकांचं, एक पुरुषांचं. झऱ्याचं कोमट पाणी दगडी पन्हाळीतून एका मोठ्या हौदात यायचं आणि तिथून जमिनीत उतरवलेल्या पांढऱ्या फरशीच्या टाक्यांत सोडलं जायचं. डॉक्टर गेले, त्यांची मुलं परदेशी राहिली आणि चाव्या आप्पांकडे होत्या तशाच राहिल्या. आप्पा म्हणजे माझे वडील. ते तिथे कामाला लागले तेव्हा न्हाणीघर झाडायचे. मला कळायला लागलं तेव्हा सगळं तेच पाहत होते, आणि लोक त्यांनाच डॉक्टर समजून नाडी पुढे करत. "मी वैद्य नाही, मी नुसता पाणी सोडतो," असं ते प्रत्येकाला सांगत. ते विनयानं म्हणत नसत. त्यांना खरंच तसं वाटायचं.

माणसं लांबून येत. सांधे धरलेली, अंगावर खपल्या उठलेली, इसबाने हैराण झालेली. एकवीस न्हाणी हा नेम होता. एकवीस दिवस राहायचं, रोज सकाळी एकदा न्हायचं आणि आईच्या हातचं पथ्याचं खायचं. बाजरीची भाकरी, मुगाचं वरण, दुधी, पडवळ. मिरची नाही, वांगं नाही, हरभऱ्याची डाळ नाही. गुडघे गेलेले एक एसटीचे कंडक्टर दर हिवाळ्यात येत. ते ताटावर बसले की म्हणत, "वहिनी, ह्या वरणानं मिरचीचं तिकीट काढलेलंच दिसत नाही." आई म्हणायची, "गुडघे नीट करून जा, मग घरी जाऊन काय ती मिरची फुकट बसवा." टाकीत उतरतानाही ते ओरडत, "चला, पुढे सरका, पुढे जागा आहे!" आणि कधी न हसणारी, दुखण्यानं आंबलेली माणसंही पाण्यात बसल्या बसल्या हसत. त्या हसण्याचा आवाज न्हाणीघराच्या उंच छताला लागून परत यायचा. आमच्या घरातली सकाळ म्हणजे तो आवाज, पन्हाळीतल्या पाण्याची खळखळ आणि पाळी बदलली की आप्पा टांगलेल्या लोखंडी रुळाच्या तुकड्यावर हाणत तो ठोका.

पण त्याच्या आधी परीक्षा असायची. आप्पांकडे एक जुना चांदीचा रुपया होता. रोज घासून घासून त्याच्यावरचं तोंड पार पुसलं होतं, नुसती गोल चकती उरली होती. सकाळी सगळी माणसं हौदाभोवती जमली की आप्पा तो रुपया दोऱ्याला बांधून पाण्यात सोडत आणि पुटपुटत शंभर आकडे मोजत. मग वर काढून सगळ्यांना दाखवत. रुपया काळा पडला तर पाण्यात जोर आहे, न्हाणं होणार. नाही पडला तर त्या दिवशी न्हाणं नाही. कोणी कितीही लांबून आलेलं असो, कितीही गयावया करो. "नुसत्या कोमट पाण्यात बसायचं तर घरीच बसा की," आप्पा म्हणत. पावसाळ्यात ओढ्याचं पाणी झऱ्यात मिसळलं की असे एकदोन दिवस येत. त्या दिवशी माणसं अंगणात पत्ते खेळत आणि आप्पा अपराधी चेहऱ्यानं खोलीखोलीतून फिरत.

मी सांगतो आहे त्या वर्षी पाऊस झाला नव्हता आणि आजूबाजूच्या डाळिंबवाल्यांनी उन्हाळ्यात एकामागून एक बोअर घेतल्या होत्या. हिवाळ्यात माणसं आली तेव्हा पन्हाळीत मनगटाएवढी धार उरली होती. मी बारावीत नापास होऊन, चार-पाच महिने राहात्याकडे मामाच्या द्राक्षबागेत काम करून परत आलो होतो. एकोणीस वर्षांचा होतो. आप्पांनी पुरुषांचं न्हाणीघर पूर्ण माझ्यावर सोपवलं होतं, हौद भरायचा, पाणी सोडायचं, टाक्या घासायच्या, सगळं. मला त्याचा अभिमान होता हेही इथे लिहायला हवं. नापास झालेल्या मुलाला लोक "लहान आप्पा" म्हणत होते.

मग एका सकाळी रुपया पांढरा निघाला. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी आप्पांनी दोनशेपर्यंत मोजलं.

"आप्पा, रुपया रजेवर गेला का काय?" कंडक्टर म्हणाले.

कोणी हसलं नाही. आप्पांनी रुपया धोतराला पुसला, पुन्हा सोडला, पुन्हा काढला. मग घरात गेले. पाचव्या दिवशी दोन कुटुंबं गाठोडी बांधून निघून गेली. झऱ्याजवळच्या बोअर बंद करायचा अर्ज घेऊन आप्पा तालुक्याला गेले. जाताना मला म्हणाले, "परीक्षा चुकवू नको. काळा झाला तरच पाणी सोड."

थांबलेल्यांत पुणतांब्याची हौसाबाई होती. चाळिशीची, शेतकरी घरातली, जाड आवाजाची बाई. तिच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत खपल्या असत आणि त्यांना भेगा पडून रक्त येई. ती पाच-सहा वर्षं नेमानं येत होती आणि एकवीस न्हाण्यांनी तिला वर्षभराचा आराम पडत असे. मी तिला मावशी म्हणायचो. त्या दुपारी मी रिकाम्या टाक्या घासत होतो, तर ती न्हाणीघराच्या दारात येऊन उभी राहिली. हात पदराखाली होते. तिचे हात नेहमी पदराखालीच असत.

"दत्तू, पानी कवा यायचं रं?"

"कसं सांगू मावशी. झऱ्याच्या मनात असेल तेव्हा."

"झऱ्याला काय, त्याला न्हाई लेक उजवायची." ती पायरीवर बसली. "म्हैना न्हाई ऱ्हायला. घोडेगावचं स्थळ हाय. पोरगं सोन्यावानी. पर त्यांच्या कानात कुनीतरी भरवलंय, की आईला महारोग हाय म्हनून. आता त्याची आत्या येनार हाय घरी. भेटायला म्हनं. भेटायला कसली, हात बघायला." तिनं हात बाहेर काढले आणि माझ्यासमोर उलटेसुलटे केले. "ह्ये बघून ती पोरीला पदरात घील व्हय?"

मी म्हणालो, "डॉक्टरची चिठ्ठी दाखवा ना. महारोग नाही म्हणून."

"चिठ्ठी वाचतंय कोन? मानसं हात वाचत्यात." मग ती अगदी हळू म्हणाली, "तू तर लहान आप्पा. बघ की बाबा कायतरी."

पुढचं मी शक्य तितकं सरळ लिहितो. मामाच्या बागेत द्राक्षांवरच्या भुरी रोगावर मारायला चुना आणि गंधक एकत्र उकळून औषध करत. पत्र्याच्या ड्रममध्ये ते रटरटत राही आणि लालसर रंगावर यायचं. पहिल्यांदा ते उकळताना मी बागेच्या दुसऱ्या टोकाला होतो. वारा आला आणि मला एकदम घर आठवलं. म्हणजे आमच्या झऱ्याचा तो वास मला आयुष्यात पहिल्यांदा तिथे आला. मामा लांबून ओरडला होता, "हातमोजे घाल! आन् डोळ्यात गेलं तर डोळा हातचा गेला म्हनून समज." हे वाक्य मी ऐकलं होतं. मला ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही.

कृषी सेवा केंद्रातून मी गंधक आणलं, चुना घरात होताच. दुपारी जेवणं झाली की सगळी माणसं आडवी व्हायची. तेव्हा जुन्या बॉयलरच्या खोलीमागे मी ड्रम चढवला. वास सुटला, पण त्या जागी त्या वासाचं कोणाला नवल वाटणार? एक म्हातारी तर झोपेतून उठून म्हणाली, "झरा हलला वाटतं." संध्याकाळी मी दोन बादल्या हौदात ओतल्या आणि बांबूनं ढवळलं.

सकाळी आकडे तीसपर्यंतही गेले नाहीत. मी रुपया वर काढला तर तो कोळशासारखा. बायकांनी हौदाला हात जोडले. कंडक्टर ओरडले, "डबल बेल! सोडा गाडी!" हौसाबाईनं माझ्या तोंडावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली. तिच्या बोटांच्या खपल्या माझ्या गालाला लागल्या.

दोन दिवसांनी आप्पा परत आले. तालुक्याला त्यांचा अर्ज कोणी धड वाचलाही नव्हता. ते ओढ्यावरून येताना पाहूनच मला कळलं की ते थकलेले आहेत आणि झरा संपला असं मनाशी धरून आले आहेत. मी म्हणालो, "आप्पा, पाणी आलं." त्यांनी पिशवी तशीच जमिनीवर टाकली आणि हौदाकडे गेले. रुपया सोडला, काढला, बघितला. मग ते खाली बसले, ओंजळ भरली आणि देवाचं तीर्थ लावावं तसं ते पाणी दोन्ही डोळ्यांना लावलं.

मी पुढे झालो होतो. हात धरायलाच झालो होतो. पण काय म्हणून धरणार? ते डोळे पुसत उठले. डोळे लाल झाले होते, ते रडल्यामुळे की पाण्यामुळे मला आजही सांगता येणार नाही. "दत्ता," ते म्हणाले, "मी उगीच लोकांच्या दारात गेलो बघ. इथं बसून वाट बघायला पाहिजे होती." त्या संध्याकाळी आईनं गोडाचा शिरा केला. तो मी दोनदा मागून खाल्ला.

सांगायचं ते त्या एका दिवसातच सांगता आलं असतं. मी पुढे कितीतरी वर्षं त्या संध्याकाळचा हिशोब मनात लावत बसलो आहे, शिऱ्याची ताटली हातात असताना कोणत्या घासाला बोलायला हवं होतं याचा. पण तेव्हा मला वाटत होतं की मी काहीतरी चांगलं करतो आहे. हौसाबाईच्या खपल्या खरंच मऊ पडून सुटायला लागल्या होत्या. खालची कातडी गुलाबी दिसत होती. ती ज्याला त्याला हात दाखवत सुटली होती. कंडक्टर म्हणाले, "आप्पा, यंदा अंग फार चुरचुरतंय." आप्पा कौतुकानं म्हणाले, "पाणी दाबून राहिलं होतं ना, जोरात आलंय."

नवव्या का दहाव्या न्हाण्याच्या आदल्या दिवशी माझं जुनं औषध संपलं. नवीन केलं ते घाईत केलं आणि घट्ट झालं. मी ते नितळू न देता तळाच्या गाळासकट ओतलं, आणि नीट ढवळलंही नाही, कारण अंगणात कोणीतरी खाकरलं होतं. हौदाचा नळ तळाशी होता. सकाळी पहिली पाळी बायकांची, आणि बायकांत सगळ्यात आधी हौसाबाई टाकीत उतरायची. तिला घाई असायची ना.

किंकाळी ऐकली तेव्हा मी रुळाच्या तुकड्याजवळ होतो. आई आत धावली. थोड्या वेळानं तिनं हौसाबाईला लुगड्यात गुंडाळून बाहेर आणलं. तिचे हात, कोवळ्या कातडीचे हात, सोलून काढल्यासारखे दिसत होते, आणि ती उजवा डोळा तळव्यानं दाबून "आगीत घातलं गं मला, आगीत घातलं," असं ओरडत होती. पाण्यात बसल्या बसल्या ती तोंड धुवायची, ते मला माहीत होतं. आप्पांनी तिला उचलून डाळिंबाच्या टेम्पोत घातलं आणि नगरला नेलं. मी घागरीमागून घागरी उपसून हौद रिकामा केला. कोणी सांगितलं नव्हतं. सगळ्यांना वाटलं, पोरगं घाबरलं आहे.

तिचा डोळा गेला. दवाखान्यात कोणीतरी म्हणालं की अशा झऱ्यांत कधी कधी क्षार एकदम वाढतात, आणि आप्पांनी ते ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी मी बॉयलरच्या खोलीमागे गेलो, तर ड्रम घासून पुसून उलटा घातलेला होता. आप्पा तोवर नगरहून परतले नव्हते. घरात फक्त आई होती. ती चुलीपाशी भाकरी थापत होती. मी दारात उभा राहिलो. तिनं वर बघितलं नाही. "हात धुऊन ये," एवढंच म्हणाली. माझी नखं तेव्हा पिवळी झालेली होती. आई त्यावर पुढे कधीही बोलली नाही, आणि मीही तिला विचारलं नाही. तिनं मला वाचवलं असं मी बरीच वर्षं मानत होतो. आता वाटतं, त्या दिवशी तिनं एक थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं.

आप्पांनी उरलेल्या माणसांना जेवू घालून वाटेला लावलं. मग पोस्टातून कार्डांचा गठ्ठा आणला, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पत्त्यांची वही काढली आणि मला समोर बसवलं, कारण माझं अक्षर चांगलं होतं. ते सांगत होते, मी लिहीत होतो. "सप्रेम नमस्कार. येथील पाण्यात दोष उत्पन्न झाला आहे. त्यापासून एका भगिनीस गंभीर इजा झाली. सर्वस्वी जबाबदारी माझी आहे. कृपया पुन्हा येथे येऊ नये व कोणास पाठवू नये." मी म्हणालो, "जबाबदारी माझी, हे कशाला?" ते म्हणाले, "पाणी मी सोडायचो." तीन दिवस आम्ही लिहीत होतो. दीडशेच्या आसपास कार्डं असतील. प्रत्येक कार्डावर मी माझ्या हातानं लिहिलं की पाण्यात दोष उत्पन्न झाला आहे, आणि प्रत्येक कार्डाखाली आप्पांनी सही केली. एकदा माझा हात थांबला. आप्पांना वाटलं मी दमलो. त्यांनी माझ्या हातातलं पेन काढून घेतलं, माझी बोटं आपल्या दोन्ही हातांत घेऊन चोळली आणि पेन परत दिलं.

नंतर ते पुणतांब्याला जाऊन आले. तिथे काय झालं ते त्यांनी घरात सांगितलं नाही. जेवताना फक्त एवढं म्हणाले की मुलीचं लग्न मोडलं नाही, पण लग्नात हौसाबाई मांडवात आली नाही. आतल्या खोलीत बसून राहिली, आणि नवरीच्या आईनं करायचं ते सगळं तिच्या काकूनं केलं. हे सांगून ते ताटावरून उठले.

पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला. आम्ही तोवर झऱ्यापासून लांब, गावात राहायला गेलो होतो. दिवाळीनंतर एकदा शेळ्या शोधायच्या निमित्तानं मी झऱ्याकडे गेलो. पन्हाळीत धार होती. आईचं डब्यातलं एक जुनं जोडवं मी चोरून नेलं होतं. ते पाण्यात धरलं आणि बघता बघता काळं झालं. झरा परत आला होता, पहिल्यासारखा, स्वच्छ. मी घरी पळत जाऊन सांगायला हवं होतं. पण मग आप्पांनी विचारलं असतं, पाणी चांगलं आहे तर त्या दिवशी काय झालं? मी जोडवं वाळूनं घासून जागेवर ठेवून दिलं. माझ्या सगळ्या वागण्यात मला या दुपारची सर्वांत जास्त लाज वाटते. हौसाबाईच्या बाबतीत मी मूर्खपणा केला. आप्पांच्या बाबतीत मी जे केलं, ते डोकं शांत ठेवून केलं.

आप्पा पुन्हा त्या बाजूला फिरकले नाहीत. नंतर सुप्याला एका गोदामावर रखवालदार म्हणून लागले, आम्ही तिथेच खोली घेऊन राहिलो, आणि पुढे मीही तिथल्याच एका कारखान्यात चिकटलो. ज्या माणसानं उभं आयुष्य लोकांना पाण्यात बसवलं, तो नळाखाली दोन तांबे घाईघाईनं अंगावर घेऊन बाहेर यायचा. माझ्या मुलीला लहानपणी ताप आला की आप्पा डॉक्टरांनी दिलेलं औषध आधी स्वतःच्या जिभेला लावून बघत आणि तरीही तिला पाजायला घाबरत. "मला पारख नाही," ते म्हणत. "माझ्यासमोर तपासून घेतलेलं होतं ते पाणी." मी शेजारच्या खोलीतून हे ऐकत असे.

चार वर्षांपूर्वी ते गेले. आई त्यांच्या आधीच गेली होती. यंदा जानेवारीत मी एकटाच तिकडे जाऊन आलो. रस्त्यापासून आत जायची वाट वेड्या बाभळींनी बुजली आहे. खोल्यांचे पत्रे, दारं, चौकटी, सगळं लोकांनी नेलं. भिंतींवर रंगानं काढलेले खोल्यांचे आकडे मात्र दिसतात, चार नंबर, सात नंबर. पुरुषांच्या न्हाणीघरात कोणीतरी कधीतरी कांदा साठवला असावा, सडक्या सालींचा थर टाकीत होता. पन्हाळ कोरडी ठाक होती आणि तिच्या कडेला पिवळसर पापुद्रा धरलेला होता. वरच्या अंगाला आता आठ-दहा बोअर आहेत. पन्हाळीला नाक लावून मी वास घेतला. काहीच नव्हतं. बायकांच्या न्हाणीघराच्या पायरीवर जरा वेळ बसलो आणि तिथून उठून, घरी न जाता, पुणतांब्याची गाडी धरली.

हौसाबाई आहे की नाही तेही मला माहीत नव्हतं. नदीकडच्या आळीत घर सापडलं. ती ओट्यावर बाजेवर बसली होती, खूप वाळलेली, उजव्या डोळ्यावर पांढरी साय. सुनेनं मला पाण्याचा तांब्या दिला. मी नाव सांगितलं, आप्पांचं नाव सांगितलं. ती डाव्या डोळ्यानं माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली.

"दत्तू व्हय? म्हातारा झालास की रं."

मी तिला सांगितलं. वाटेत ठरवलेली वाक्यं आठवली नाहीत. चुना म्हणालो, गंधक म्हणालो, द्राक्षावर मारतात ते म्हणालो. पाण्यात दोष नव्हता, मी कालवलं होतं, असं म्हणालो. सून उंबऱ्यात उभी राहून ऐकत होती.

"आप्पांना ठावं हुतं?" शेवटी तिनं विचारलं.

"नाही."

"मंग कवा सांगितलंस त्यांना?"

"नाही सांगितलं. गेले ते. चार वर्षं झाली."

ती मान हलवत राहिली. मग ओट्याच्या खालच्या दगडाकडे बोट करून म्हणाली, "हितं बसलं हुतं ते मानूस. उन्हात. सकाळपासनं दिवस बुडस्तवर. म्या ह्या बाजंवरनं शिव्या दिल्या त्याला. लई वंगाळ दिल्या. तुज्या आयीवरनं, तुज्यावरनं, तुजं वाटोळं व्हईल म्हनून. मालक म्हनाले बास कर, तरी दिल्या. खाली मान घालून ऐकत हुता. येका शबदानं उलटून बोलला न्हाई." तिचा श्वास लागला होता. "त्या तुज्या हुत्या रं, दत्तू. तुज्या वाटच्या हुत्या."

"मग आता द्या," मी म्हणालो. त्यासाठीच मी तिथवर गेलो होतो, ते मला बोलल्यावर कळलं.

तिनं तोंड उघडलं. ओठ हलले. मी वाट बघत होतो. मग तिनं तोंड मिटलं, बाजेची कड धरून उठली आणि भिंतीला चाचपत आत निघून गेली. सुनेला काय करावं सुचेना. तिनं चहाचं विचारलं, मी नको म्हणालो. मी ओट्यावरून उतरून त्या दगडावर बसलो. ऊन होतं. आतून बऱ्याच वेळानं आवाज आला.

"गेला का गं त्यो?"

सुनेनं माझ्याकडे बघितलं. "न्हाई, आत्याबाई. खाली दगडावर बसल्यात."

आत तांब्या खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"बसू दे," हौसाबाई म्हणाली.